मायच्या नावाचा कॉम्प्युटर

"ही गिरजा कोण? तुमच्याकडची कामवाली का?"

सर भर लॅबमध्ये बोलला. मी 'बोलला' असंच लिहिणार. 'बोलले' लिहायले मनात मान लागते, अन् माह्या मनात या माणसासाठी तेवढा शिल्लक नाही.

माह्या लॅपटॉपवर त्याचा हात होता. हात ठेवायच्या आधी त्यानं खिशातून ओला टिश्यू काढला. माहा अख्खा कीबोर्ड पुसला. मंग आपली बोटं पुसली अन् टिश्यू डब्यात टाकला. माह्या शेजारी श्रुती बसली होती. जवाहरनगरच्या क्वार्टरमधली पोरगी, तिचे पप्पा फॅक्टरीत साहेब. तिच्या कीबोर्डवर कुरकुऱ्याचा मसाला लागून होता, मी डोळ्यानं पाहून राहिली होती. तिचा लॅपटॉप त्यानं तसाच हातात घेतला. टिश्यू फक्त माह्यासाठी होता.

स्क्रीनवर काळी खिडकी उघडी होती. तिच्यात लाल अक्षरं. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेचं एक पॅकेज टाकायचं होतं, चित्रं अन् नक्षी काढायचं. आमच्या प्रोजेक्टले ते लागत होतं. फुकट मिळते, कोणीही उतरवून घ्या, त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. वर्गातल्या सगळ्यांचं झालं. माहंच अडलं. लाल अक्षरात फोल्डरचा पत्ता लिहून होता, अन् त्या पत्त्यात जिथं माह्या मायचं नाव यायले पाहिजे तिथं नुसती प्रश्नचिन्हं होती. ?????. एकाले लागून एक. नाव सरनं लॅपटॉप सुरू होतानाच वाचून घेतलं होतं.

"बोल ना. गिरजा कोण?"

"माह्या मायचं नाव आहे सर."

"माय!" तो वर्गाकडं वळला. "ऐकलं का? मायच्या नावाचा लॅपटॉप. आणि तेही मराठीत लिहिलंय. अगं बाई, हा कॉम्प्युटर आहे. बैलजोडी नाही, नाव ठेवायला."

लॅब हसली. अख्खी. हसणाऱ्यात अड्याळची पोरं होती, कारध्याचीही होती. त्यांच्याही घरी मायले मायच म्हणतेत. पण सर हसला का हसायचं असते, नाही तं पुढचा नंबर आपला लागते.

हे नाव तिथं कसं आलं ते सांगते. लाजायचं काही नाही त्याच्यात.

आम्ही पवनीचे. घरी हातमाग. कधीकाळी तीन होते, आता एकच चालते. आमच्या घरात मागाले नाव असते, अन् ते नाव बाईचं असते. मागावर बसते माणूस, धोटा मारते माणूस, पण धोट्यातली कांडी भरते बाई. दिवसभर चरख्यापाशी बसून सूत गुंडाळते. कांडी भरून नसली तं धोटा इकडून तिकडं रिकामाच पळते, कपडा होत नाही. म्हणून जी बाई ज्या मागाच्या कांड्या भरन, तिच्या नावानं तो माग. काकूचा तो पारबतीचा माग. मायचा तो गिरजाचा माग. बाबालेही कोणी विचारलं का कुठं होतास, तं बाबा म्हणते, "गिरजावर बसलो होतो." लोकं हसतेत. बाबाले फरक पडत नाही. कोण्या काळापासून हे चालू आहे, कोणाले माहीत नाही.

अन् नवीन हत्यार घरात आलं का नाव ठेवल्याबिगर त्याले कोणी हात लावत नाही. हाही आमचा कायदा.

लॅपटॉप आला तो जुनाच होता. कोपऱ्यात तडा गेलेला, बॅटरी मेलेली, वायर काढली का बंद. पण आमच्या घरातला तो पहिला. दसऱ्याले मागासोबत त्याचीही पूजा झाली. मायनं हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. मंग मी तो सुरू केला. सगळं नव्यानं टाकून आणलं होतं, म्हणून पहिल्यांदा त्यानं नाव विचारलं. वापरणाऱ्याचं नाव काय. बाबा म्हणे, "गिरजा टाक, अजून काय टाकतं? कांड्या भरून तिनंच तं आणला." माय म्हणे, "टाकतेस तं मराठीत टाक. मले वाचता आलं पाह्यजे." माय चौथीपर्यंत शिकली आहे. मी मराठी कीबोर्ड शोधला अन् टाकलं. गिरजा. स्क्रीनच्या मधोमध मोठ्या अक्षरात उमटलं. मायनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं अन् पदर तोंडाले लावून हसली. आपलं नाव छापलेलं तिनं राशन कार्डाशिवाय कुठं पाह्यलं नव्हतं.

हे सगळं मी सरले सांगू शकत होती. त्यानं विचारलंच कुठं होतं?

सर नागपूरचा. रोज गाडीनं भंडाऱ्याले येते अन् रोज सांगते का भंडाऱ्याले येणं म्हणजे काय त्रास आहे. पवनी त्याले माहीत आहे. जुने स्तूप पाहायले एकदा आला होता, विटांच्या ढिगापाशी उभं राहून काढलेला फोटो त्याच्या फोनवर आहे, आम्हाले दाखवलाही. "काय समृद्ध गाव होतं!" म्हणे. होतं. जमिनीत गाडलेल्या पवनीचं त्याले भारी कवतिक. जित्या पवनीची पोरगी समोर बसली का टिश्यू.

"हे बघ," तो मले म्हणे, पण वर्गाले ऐकू जाईल एवढ्यानं, "कॉम्प्युटरला इंग्रजी कळतं. तुमचं गावरान त्याला चालत नाही. हा नियम आहे. आणि हे पॅकेज फुकट आहे म्हणून कोणीही वापरावं असं नसतं. फुकटचं वापरायलाही लायकी लागते. तुम्हा लोकांना फुकट तेवढं कळतं."

हे बोलणारा माणूस स्वतः काय वापरत होता? तेच. त्याचा अख्खा अभ्यासक्रम त्या फुकटच्या पॅकेजवर चालत होता. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी बसून लिहिलं, जगाले वाटून टाकलं, अन् हा आयत्या बिळावरचा नागोबा आम्हाले लायकी सांगून राहिला होता. तेव्हा मले हे सुचलं नाही. तेव्हा माहे कान तापून गेले होते अन् मी पायाच्या अंगठ्याकडं पाहून राहिली होती. चप्पल लॅबच्या बाहेर काढायले लावतेत. बुटवाल्याले नाही लावत.

मंग त्यानं माह्या लॅपटॉपवर नवीन खातं उघडलं. म्हणजे वापरणारा दुसरा, फोल्डर दुसरं, पत्त्यात मराठी अक्षर नाही. नावाच्या जागी आला तं थांबला. माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता माहं नाव विचारन.

नाही विचारलं. त्यानं इंग्रजी अक्षरात टाइप केलं. मोलकरीण.

"लक्षात राहायला सोपं," म्हणे.

पुन्हा हसले. श्रुती तेवढी हळू हसली, हात तोंडावर ठेवून. हळू हसणाऱ्याचा मले जास्त राग येते. त्याले समजून राहते का हे वाईट आहे, तरी हसते.

पॅकेज उतरलं. पट्टी भरली, लाल अक्षरं गेली, खाली लिहून आलं का झालं. सर खुर्चीवरून उठला.

"थँक यू म्हणायची पद्धत नाही का पवनीला?"

"थँक यू सर," मी म्हटलं.

हे सगळं सहन करायले कारण होतं. नागपूरची एक कंपनी आमच्या कॉलेजमधून चार पोरं ट्रेनिंगले नेणार होती. ट्रेनिंग झालं का नोकरी. पोरं निवडायची कंपनीनं, पण यादी द्यायची सरनं. अन् यादीत यायचं तं प्रोजेक्ट पाहिजे. माहं प्रोजेक्ट करवतकाठीचं होतं. आमच्याकडच्या कोशाच्या रेशमी पातळाचा काठ, करवतीच्या दात्यासारखा. बाबा तो डोक्यात धरून विणते. मले तो काठ स्क्रीनवर काढायचा होता, दाते मोठे केले तं कसा दिसन, लहान केले तं कसा, विणायच्या आधीच पाहता यावं. काम चांगलं होतं. हे मी म्हणते, अन् म्हणायले मले कोणाची परवानगी नको.

त्या चारात माहं नाव यायलेच पाहिजे होतं. पवनीत राहून मी काय करणार होती? लग्न. म्हणून मी मोलकरीण उघडत राह्यली. बसमधून आली, लॅपटॉप लावला, मोलकरीण. घरी गेली, मोलकरीण. आठवडा गेला तसं ते नावही दिसेनासं झालं. ही सर्वात वाईट गोष्ट. शिवी रोजची झाली का शिवी नाही राहत, पत्ता होऊन जाते.

माय चरख्यापाशी बसून होती. संध्याकाळचं ऊन दारातून तिच्या सुतावर येऊन राहिलं होतं. मी तिच्या बाजूले लॅपटॉप लावला. स्क्रीनवर दोन गोल आले. एकाखाली गिरजा. दुसऱ्याखाली इंग्रजी अक्षरं. मी दुसऱ्यावर दाबलं.

"काय वं," माय म्हणे, "माह्यावर काहून नाई दाबत?"

"तुह्यावर काम होत नाही माय."

"अन् त्याच्यावर होते?"

"होते."

"काय लिवलं हाये त्याच्यावर?"

कॉलेजचं नाव आहे म्हणून सांगितलं असतं तं तिनं ऐकून घेतलं असतं. तिले इंग्रजी येत नाही. पण माह्याच्यानं नाही झालं. मी सांगून टाकलं. कोणी लिहिलं, कसं लिहिलं, लॅब कशी हसली, सगळं.

मायचा चरखा थांबला.

"माह्या नावाच्या जागी?"

"हो."

"मी कोनाच्या घरची भांडी नाई घासली. अन् घासली असती तं त्याच्या बापाचं काय गेलं असतं? मोलकरीन काय चोरी करते? त्याच्या घरची भांडी कोन घासते, तो घासते का?"

मी लॅपटॉपचं झाकण लावायले गेली.

"अन् तू?" माय माह्याकडं वळली. "त्यानं लिवलं ते एक डाव. तू उघडतेस रोज. मंग मोलकरीन कोन म्हनते वं, तो का तू?"

मले मायचा राग आला. खरंच आला. म्हटलं, हिले काय समजते? यादी त्याच्या हातात, मार्क त्याच्या हातात, ही आपली चरख्यावर बसून बोलून राहिली. पाय आपटत मी माडीवर गेली. माडी म्हणजे काय, टिनाखालची अर्धी खोली. अन् रागारागात त्या पॅकेजचं पान उघडलं. ज्या पानावर लोकं आपापल्या अडचणी लिहितेत ते. कोणालेही लिहिता येते, कोणालेही वाचता येते. आतापर्यंत मी तिथं गेलीच नव्हती. मले वाटे तिथं मोठी लोकं राहतेत, आपलं काय काम.

शोधलं. अन् सापडलं. कोण्या दुसऱ्या देशातला एक माणूस. त्याचं नाव त्याच्या अक्षरात होतं, मले वाचता येत नव्हतं, गोल गोल अक्षरं होती. त्याचंही तेच झालं होतं. पत्त्यात त्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. त्यानं लिहिलं होतं, माफ करा, मी माझं नाव इंग्रजीत लिहायला हवं होतं का?

खाली पॅकेजवाल्यांपैकी एकानं उत्तर दिलं होतं. मी ते दोनदा वाचलं, डिक्शनरी लावून वाचलं. त्याचा अर्थ असा होता: माफी तुम्ही नका मागू. तुमच्या नावात चूक नाही, चूक आमच्या कामात आहे. आम्ही फक्त इंग्रजी नावांचा विचार केला. कृपया नाव बदलू नका.



नियम आहे, सर म्हणाला होता. कॉम्प्युटरले तुमचं चालत नाही. अन् ज्यांनी ते बनवलं ते म्हणून राहिले होते का चूक आमची. मंग हा कोणाचा नियम होता? कॉम्प्युटरचा नव्हता. पॅकेजचा नव्हता. भंडाऱ्याच्या एका लॅबमधल्या एका माणसाचा होता. मले रडू आलं पाहिजे होतं, तसं काही आलं नाही. घिण आली. एवढे दिवस मी ज्याले देवाचा कायदा समजून मान खाली घालून होती, तो एका पचपचीत माणसाच्या तोंडाचा वाफारा होता.

त्याच उत्तराच्या खाली उपायही होता. चूक दुरुस्त होईस्तोवर एवढं करा म्हणून. नाव तसंच ठेवायचं. फक्त पॅकेज ठेवायले दुसऱ्या ड्राइव्हवर साधं फोल्डर करायचं अन् त्याले सांगायचं का तू इथं उतर. मी गिरजा उघडली. फोल्डर केलं. पट्टी भरली. झालं. मायच्या नावावर.

मंग प्रोजेक्ट इकडं घेतलं अन् मोलकरीण पुसून टाकली. कॉम्प्युटर विचारते, नक्की पुसायचं का, परत येणार नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरले सांगितलं. मले वाटलं होतं त्याले हे माहीत नसन. चुकून झालं असन त्याच्याच्यानं, अडाणीपणात. माणसाच्या मनात कुठंतरी राहतेच, का समोरचा एवढा वाईट नसन.

"सर, नाव न बदलताही होते ते. दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचं."

त्यानं मोबाइलवरून मान वर नाही केली.

"माहीत आहे मला. पण तुमच्यासाठी एवढा वेळ कोण घालवणार?"

माहीत होतं त्याले. ऐकलं का? माहीत होतं. पहिल्यापासून. नाव बदलायची काही गरज नव्हती, मोलकरीण लिहायची काही गरज नव्हती, हे माहीत असून त्यानं वर्ग हसवून घेतला. मी त्याले अडाणी समजत होती. अडाणी असता तं माफ केलं असतं. अडाणी माणसं माह्या घरात भरपूर आहेत अन् त्यांच्यातल्या एकानंही कोणाच्या मायचं नाव पुसलं नाही. हा शिकलेला होता. त्यानं मजा केली होती.

"आणि हो," तो म्हणे, "सोमवारी कंपनीचे लोक येणार आहेत. प्रोजेक्टरवर सगळ्यांचं दिसणार. ते मोलकरीण वगैरे काढून टाक. स्टुडंट वन असं काहीतरी ठेव."

म्हणजे लाज होती त्याले. पाहुण्यांपुरती. आमच्या पुढं जो विनोद होता तो पाहुण्यांपुढं घाण होती. लहान्यापुढं वाघ, मोठ्यापुढं शेळी. हे सगळं मनात आलं. तोंडातून एवढंच निघालं:

"काढलं सर. आता गिरजाच आहे."

"तेही नको. मराठी नको तिथं. कॉलेजची शोभा होते."



सोमवारी कंपनीचे दोन पाहुणे आले. लॅब धुतली होती, दारात रांगोळी, टेबलावर कापडं. आमच्या चपला त्या दिवशी मागच्या दाराले ठेवायले लावल्या, दिसू नये म्हणून. एकेक जण जाऊन लॅपटॉप लावे, प्रोजेक्ट दाखवे, खाली येई. श्रुतीचं छान झालं. तिले इंग्रजी येते, अन् कामही बरं होतं, खोटं कायले बोलू.

माहा नंबर आला. वायर लावली. भिंतीवर हातभर अक्षरात आलं. गिरजा.

एक पाहुणा म्हणे, "ये गिरजा क्या है?" साधं विचारलं. वाईट नव्हता विचारायचा ढंग.

मी तोंड उघडलं, तं सर मधात.

"सर, गाँव के बच्चे हैं. ठीक से सेटिंग करना नहीं आता इनको. मैं दूसरे पे दिखवाता हूँ." अन् मले मराठीत, दात दाबून, "वायर काढ. श्रुतीच्या मशीनवर दाखव. आत्ता."

त्याचा हात वायरकडं आला. मी वायर धरून ठेवली. अशी ओढाताण झाली प्रोजेक्टरपाशी, एका मास्तरची अन् एका पोरीची, एका वायरसाठी. भिंतीवर गिरजा हालून राहिली होती.

"नाही सर," मी म्हटलं. "माहं काम माह्याच मशीनवर दाखवीन."

"सोड म्हणतो ना!"

"गिरजा माही माय आहे. सेटिंग बरोबर आहे. मोलकरीण तुम्ही लिहिलं होतं."

हे मी मोठ्यानं बोलली. पाहुण्यांले मराठी समजत होती का नाही मले माहीत नाही. वर्गाले समजत होती. कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. कोणी उठून माह्या बाजूनं उभं राह्यलं, असंही काही झालं नाही. तसं फक्त सिनेमात होते. सरचं तोंड लाल झालं होतं, पण त्यानं वायर सोडली, पाहुणे पाहून राहिले होते म्हणून. मी काठ दाखवला. दाते मोठे केले, लहान केले. एकदा चुकीचं बटन दाबलं अन् पुन्हा सुरू करावं लागलं. पाहुणा घड्याळ पाहून म्हणाला, "ओके. नेक्स्ट."

एवढंच.

यादी लागली. माहं नाव नव्हतं. श्रुतीचं होतं. ती माह्यापाशी आली, हात धरून म्हणे, "सॉरी बोल दे ना यार. सर इतने बुरे नहीं हैं. नाम ही तो है." तिच्यासाठी सर बुरे नव्हतेच. तिले कधी सांगावं लागलं नाही का तिची मम्मी कोण आहे. मी हात सोडवून घेतला.

मंग सरचा फोन आला. दुपारची वेळ. बाबा मागावर होता, माय चरख्यावर. मी स्पीकर लावला. लपवायचं काय होतं?

"हे बघ, एक जागा रिकामी होतेय. तुझं नाव मी अजूनही पाठवू शकतो. काम तुझं वाईट नव्हतं. फक्त उद्या लॅबमध्ये सगळ्यांसमोर सॉरी म्हण. आणि ते नाव बदल. विषय संपला."

बाबाचा धोटा थांबला. बाबा मान हालवून खुणावून राहिला होता, हो म्हण, हो म्हण. फोनवर हात ठेवून मी त्याच्याकडं पाह्यलं.

"म्हणून टाक न पोरी," बाबा म्हणे. "तोंडाची वाफ तं दवडायची हाये. तोंडाचं काय जाते? नागपूरले जाशीन. हा माग का जनमभर पुरनार हाये?"

बाबा खोटं नव्हता बोलत. माग पुरणार नाही हे मलेही दिसते. मी मायकडं पाह्यलं. तिनं माह्याकडं नाही पाह्यलं. चरखा फिरवत राह्यली. माडीवर पाठवून देणारी तीच, पण आता काही सांगणार नव्हती. हे माहं होतं.

ती जागा मले पाहिजे होती. आजही पाहिजे आहे. कोणी म्हणन का मले नको होती, तं मी खोटं बोलून राहिली. नागपूरची खोली मी मनात लावूनही ठेवली होती, खिडकी कुठं, टेबल कुठं.

पण सॉरी कशाची? मायचं नाव लिहिलं याची? ते मायच्या अक्षरात लिहिलं याची? का त्यानं लिहिलेलं मी वाचून दाखवलं याची? एकदा म्हटलं असतं तं मामला एका वेळी थोडीच संपत होता. त्या लॅबमध्ये माह्यामागं बसणाऱ्या पोरी होत्या. लाखांदूरकडची एक, घरी ढिवराचं, मासोळ्या धरायचं काम, आपलं आडनाव हळू सांगते. मी सॉरी म्हणताना ती ऐकणार होती. अन् तिच्या मशीनवर सर काय लिहिणार होता, हे मले आत्ताच माहीत होतं.

"सर," मी म्हटलं, "सॉरी मी नाही म्हणत. तुम्ही म्हणायची आहे. नाव राहीन तसंच."

"पस्तावशील."

"पस्तावली तं तुम्हाले फोन नाही करणार."

मी फोन ठेवला. बाबानं धोटा असा मारला का सूत तुटलं. दोन दिवस माह्याशी धड बोलला नाही. मायनं जेवायले वाढलं तेव्हा भाजी जास्त नाही वाढली, कमीही नाही वाढली. कोणी म्हटलं नाही का तू चांगलं केलं.

जागा दुसऱ्याले गेली. पॅकेजमधली चूक अजून दुरुस्त झाली नाही. मी त्या पानावर, त्या गोल अक्षरवाल्या माणसाच्या खाली, माह्या तुटक्या इंग्रजीत लिहून टाकलं का इथंही हेच होते, अन् मायचं नाव जसं आहे तसं टाकलं. त्यांनी विचारलं, नवीन सुधारणा आली का तुमच्या मशीनवर तपासून सांगाल का? सांगते. आतापर्यंत दरवेळी फसली आहे. दरवेळी तसं लिहिते. कॉलेजच्या प्राचार्यांले तक्रार दिली, तिच्यावर काही झालं नाही. पुन्हा दिली. सगळ्यांच्या नजरेत मी आता तक्रारवाली. असू दे.

लाखांदूरच्या पोरीले मी म्हटलं, लॅपटॉप आण. तिच्या मशीनवर पॅकेज तिच्या नावानं टाकून दिलं, तिनं सांगितलं त्या अक्षरात. सरनं पाह्यलं. काही बोलला नाही. बोलला असता तं बरं झालं असतं, त्यानं ते मनात धरून ठेवलं.

आता परीक्षा आहे. प्रॅक्टिकलचे मार्क त्याच्या हातात आहेत, अन् हे तो वर्गात मले पाहूनच सांगते. माहीत आहे. पास करन तं करन. नापास केलं तं मी पुन्हा बसीन. त्याच लॅबमध्ये, समोरच्याच टेबलावर, याच मशीनवर. पुन्हा केलं तं पुन्हा बसीन. त्याले रिटायर व्हायले अजून बरीच वर्षं आहेत, अन् मी बावीसची आहे. सॉरी त्याले मिळणार नाही.